माझंच काहीतरी चुकलं असेल

मागच्या महिन्यात गणिताचे सर रजेवर होते, म्हणून सातवीच्या वर्गावर माझा बदली तास लागला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. वर्ग शांत राहावा एवढ्याच हेतूने मी एका गाईडमधली दोन गणिते फळ्यावर लिहून दिली आणि मागे उत्तरे दिलेलीच आहेत, ताडून पाहा, असे सांगितले. अर्ध्या तासाने पाहतो तर दुसऱ्या बाकावरची एक मुलगी एकच गणित पुन्हा पुन्हा खोडत होती. खोडून खोडून पान फाटले होते. "सर, मेराच गलत आ रहा," ती म्हणाली. मी गणित करून पाहिले. माझे उत्तर तिच्या उत्तराइतकेच आले. गाईडमधले छापील उत्तर चुकीचे होते.

मी तसे सांगितले तेव्हा तिला पुस्तकाचा राग आला नाही. तिने फक्त सुटकेचा श्वास टाकला. छापलेले चुकीचे असू शकते ही शक्यता अर्धा तास तिच्या मनाला शिवलीसुद्धा नव्हती. तो अर्धा तास मला घरी येईपर्यंत सलत राहिला, कारण मी स्वतः तसा अर्धा तास नाही, जवळजवळ दोन वर्षे काढली आहेत. माझ्यासमोर पुस्तक नव्हते, संगणक होता.

२००५ साली शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढून मी घरी पहिला संगणक आणला. उर्दू आणि मराठी, दोन्हींच्या प्रश्नपत्रिका घरीच तयार करता याव्यात म्हणून लेखनाची एक सीडीही घेतली. पावतीसकट, पूर्ण पैसे मोजून. पहिली दोन पाने छान उमटायची. मजकूर तिसऱ्या पानावर गेला की पहिल्या पानावरचे नुक्ते आपली जागा सोडायचे. कधी फाईल जतन करतानाच खिडकीत एक इंग्रजी सूचना यायची आणि सगळे बंद पडायचे. सहामाहीची अख्खी प्रश्नपत्रिका अशी एका रात्रीत गेली. पहाटेपर्यंत बसून ती मी पुन्हा हाताने लिहून काढली.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, "सर, सॉफ्टवेअर एकदम ओके आहे. तुमचीच बटणं दाबायची पद्धत चुकत असेल." आणि मी ते मानले! बीएड झालेला, वर्गात पन्नास मुलांना शिकवणारा मी घरी आलो, शंभर पानी वही घेतली आणि कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबले की काय होते ते लिहू लागलो. दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात दुसऱ्या गावचे एक शिक्षक भेटले. त्यांच्याकडेही वही होती. आम्ही दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या. तिसरे पान, नुक्ते, जतन करताना बंद पडणे, सगळे तेच. त्या दिवशी मला कळले की माझ्या बोटांत काही दोष नव्हता.

त्यानंतर घरगुती संगणकाच्या इतिहासात अशा किती वह्या लिहिल्या गेल्या असतील याचा मला नादच लागला. जसजसे वाचत गेलो तसतसे ध्यानात आले की गोष्ट जुनी आहे आणि तिची सुरुवात आपल्या गल्लीतल्या दुकानात झालेली नाही.

चला, १९८४ च्या इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे १९८२ साली सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक बाजारात आला होता. किंमत १२५ पौंडांपासून. तो घरातल्या टीव्हीला जोडायचा आणि गाण्याच्या कॅसेटसारख्या कॅसेटवरून त्यात प्रोग्राम भरायचा. लाखो मध्यमवर्गीय घरांतला तो पहिला संगणक. त्याच्यासाठी १९८४ मध्ये 'जेट सेट विली' नावाचा खेळ आला. विली नावाच्या माणसाने आपल्या भल्या मोठ्या हवेलीतल्या खोल्याखोल्यांतून वस्तू गोळा करायच्या, मगच त्याला झोपायला मिळणार. खेळ पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याला बक्षीसही होते, त्यात हेलिकॉप्टरची सैर.

पण तो खेळ पूर्ण होणे शक्यच नव्हते. हवेलीच्या माळ्यावरच्या खोलीत एकदा पाऊल टाकले की संगणकाच्या स्मृतीतली दुसऱ्या खोल्यांची माहिती बिघडायची. मग त्या खोल्यांत शिरताच विली मरायचा. शिवाय आणखी काही चुका होत्याच. मुले तासन् तास खेळत होती, हरत होती आणि आपलाच हात कमी पडतो असे समजत होती. तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीने काय सांगितले? ही चूक नाही, त्या खोल्यांत विषारी वायू भरला आहे, खेळ कठीण व्हावा म्हणून मुद्दामच तसे केले आहे!

पुढे कंपनीला हे म्हणणे मागे घ्यावे लागले. गंमत अशी की ज्या दोन खेळाडूंनी बक्षीस जिंकले, त्यांनी प्रोग्राम उघडून चुका शोधल्या होत्या आणि दुरुस्त्याही कंपनीला कळवल्या होत्या. दुरुस्ती म्हणजे काही आकडे. खेळ सुरू करण्याआधी ते संगणकाच्या स्मृतीत ठराविक जागी भरायचे. म्हणजे माल कंपनीने विकला, चूक गिऱ्हाइकाने शोधली, दुरुस्ती गिऱ्हाइकाने केली आणि ती घरोघरी टाईपही गिऱ्हाइकानेच केली.

आमचे अब्बा शिंपी होते. त्यांच्या दुकानात शेरवानीचे माप घेतल्यावर आठवड्याने गिऱ्हाइकाला ट्रायलला बोलवायचे. कच्चे टाके घातलेली शेरवानी अंगावर चढवायची, खडूने खुणा करायच्या, उतरवून ठेवायची. गिऱ्हाईकही तिथे कामाला मदतच करत असते. पण ट्रायल आहे हे त्याला माहीत असते आणि कच्च्या टाक्यांची शेरवानी घालून त्याला कुणी निकाहला पाठवत नाही. बाही आखूड झाली तर अब्बा शिवण उसवायचे, वर माफी मागायचे. तुमचाच हात लांब आहे, असे त्यांनी कधी कुणाला ऐकवले नाही.

त्याच सिंक्लेअर कंपनीने १२ जानेवारी १९८४ रोजी क्यूएल नावाचा नवा संगणक जाहीर केला. किंमत ३९९ पौंड. टपालाने मागणी नोंदवा, २८ दिवसांत घरपोच, असे आश्वासन. लोकांनी चेक पाठवले. प्रत्यक्षात त्या दिवशी विकण्याजोगा तयार संगणक कंपनीकडे नव्हताच. पहिले नग एप्रिल संपता संपता निघाले आणि तेही कसे? संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम ठरलेल्या चिपमध्ये मावला नाही. म्हणून उरलेला भाग दुसऱ्या एका चिपवर घालून ती पाठीमागच्या खाचेत खोचून दिली. घरी आलेल्या नव्या कोऱ्या यंत्राच्या पाठीला एक तुकडा लोंबत होता. मूळ प्रोग्राममध्ये चुका होत्या, त्या सुधारत कंपनी एकामागून एक आवृत्त्या काढत राहिली. क्यूएल कधी सावरला नाही. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा अॅमस्ट्रॅड कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला.

हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानेही हाच क्यूएल घेतला होता. त्याने फ्लॉपी चालवण्यासाठी एक जोडणी विकत घेतली. तिच्याबरोबर आलेला प्रोग्राम इतका वाईट होता की त्याने स्वतःचा लिहिला. तो लिहिताना संगणकाच्या मूळ प्रोग्राममधल्याही चुका त्याला दिसल्या, पण त्या चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या. दिसतात, पण हात लावता येत नाही! या विद्यार्थ्याचे नाव लिनस टॉरवाल्ड्स. १९९१ साली त्याने लिनक्स जगासमोर ठेवले. त्यातली प्रत्येक ओळ कुणालाही उघडून पाहता येते आणि सुधारता येते. लिनक्सच्या जन्माची कारणे अनेक आहेत. तरी आतली चूक दिसत असून हात बांधलेले असणे काय असते, हे त्याने त्या क्यूएलवर अनुभवले होते, एवढे नक्की.

आता दहा वर्षे पुढे. १९९४ चा नाताळ. अमेरिकेत सीडी चालणारा संगणक घरोघरी येत होता. डिस्नेने आपल्या गाजलेल्या 'लायन किंग' चित्रपटावरून मुलांसाठी चित्रगोष्टीची सीडी काढली. हजारो आईबापांनी ती नाताळची भेट म्हणून घेतली. सकाळी मुलांनी कागद फाडून सीडी काढली, संगणकात घातली आणि कित्येक घरांत ती चाललीच नाही. कुठे चित्र नाही, कुठे आवाज नाही, कुठे अख्खा संगणकच गोठलेला. दुसऱ्या दिवसापासून कंपनीचे फोन वाजू लागले ते थांबेनात. कारण साधे होते. घराघरांत वेगवेगळ्या कंपन्यांचे संगणक होते, त्यांत वेगवेगळी चित्राची आणि आवाजाची कार्डे होती आणि त्या सगळ्या प्रकारांवर सीडी नीट तपासलेलीच नव्हती. नाताळ मात्र तारखेला येणारच होता. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने खेळांसाठी डायरेक्टएक्स ही व्यवस्था आणली, तिच्यामागे हा धडाही होता.

मी त्या घरांतल्या बापांचा विचार करतो. मूल रडते आहे, बायको पाहते आहे आणि हा माणूस खोक्यावरच्या सूचना चौथ्यांदा वाचतो आहे. त्याच्या मनात पहिल्यांदा काय आले असेल? मला ठाऊक आहे. तेच, जे फाटलेल्या पानापुढे त्या मुलीच्या मनात आले.

ही सवय फक्त अडाण्यांना लागते असे समजू नका. त्याच १९९४ सालातली दुसरी गोष्ट एका गणिताच्या प्राध्यापकाची आहे. दोष यावेळी प्रोग्राममध्ये नव्हता, यंत्राच्या मेंदूतच होता, पण वागणूक तीच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांनी इंटेलचा नवा पेंटियम संगणक कामाला लावला आणि जून महिन्यात उत्तरे जुळेनाशी झाली. त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला. आपला प्रोग्राम तपासला, मग तो ज्या साधनाने तयार केला ते तपासले, मग संगणकाचे एकेक भाग. चार महिने गेले. शेवटी ऑक्टोबरमध्ये खात्री पटली की पेंटियम चिप काही भागाकार चुकीचे करते. ३० ऑक्टोबरला त्यांनी काही ओळखीच्यांना पत्र पाठवून विचारले, तुमच्याकडेही असे होते का? थोडक्यात, वह्या शेजारी ठेवल्या.

इंटेलला ही चूक आधीच, त्या उन्हाळ्यातच कळलेली होती. पत्र जगभर पसरल्यावर कंपनीचे म्हणणे असे की साध्या वापरणाऱ्याला २७,००० वर्षांतून एकदा ही चूक भेटेल. चिप बदलून हवी असेल तर तुमचे काम तितके अचूक असावे लागते हे आधी पटवून द्या. लोक संतापले. २० डिसेंबरला कंपनीने माफी मागितली आणि मागेल त्याला चिप बदलून देऊ असे जाहीर केले. त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च तिने हिशेबात धरला. लक्षात घ्या, गणिते तीच होती, चिप तीच होती. फरक एवढाच पडला की माणसे एकमेकांशी बोलली.

मग कायदा काय करत होता? खोक्याच्या आत किंवा वर बारीक अक्षरांत एक करार असायचा. त्याचे सार असे: माल जसा आहे तसा दिला आहे, तो तुमच्या कामाला येईलच याची हमी नाही, तुमचे नुकसान झाले तर आम्ही जबाबदार नाही. सीलबंद पाकीट फाडले की करार मान्य. १९९१ साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने स्टेप-सेव्हर खटल्यात असा खोक्यावरचा करार धरला नाही. सौदा आधीच ठरलेला होता, मागाहून चिकटवलेल्या अटींनी गिऱ्हाइकाची हमी जात नाही, असा त्याचा अर्थ. पण १९९६ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने प्रोसीडी खटल्यात उलटा कौल दिला. अटी वाचून माल परत करायची संधी असेल आणि तरीही तुम्ही वापरलात, तर अटी लागू. तो खटला बिघडलेल्या मालाचा नव्हता, सीडीतली माहिती पुन्हा विकण्याचा होता. तरी पाकिटातल्या अटींना त्याने मोठे बळ दिले. आज आपण न वाचता 'मान्य आहे' वर बोट ठेवतो, त्याची वाट तिथून जाते.

आपल्याकडे १९३० चा मालविक्री कायदा आहे, १९८६ पासून ग्राहक संरक्षण कायदा आहे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्रीकराच्या एका खटल्यात सीडीवर तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा 'माल'च आहे असे ठरवले. म्हणजे दार अगदीच बंद नाही. पण नुक्ते सरकले म्हणून ग्राहक मंचात जाणारा शिक्षक तुम्ही पाहिला आहे का? मीही गेलो नाही.

इथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी त्या दुकानदारासारखाच होईन. प्रोग्राम लिहिणे म्हणजे शेरवानी शिवणे नव्हे. लाखो ओळी, हजारो प्रकारची यंत्रे, प्रत्येक घरातली जुळणी निराळी. सगळ्या शक्यता तपासून मगच विकायचे ठरवले तर काहीच विकायला निघणार नाही. उर्दूचे तर आणखी अवघड. नस्तालिक लिपीत अक्षर शेजाऱ्यानुसार रूप बदलते आणि शब्द तिरका उतरतो. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाईप कंपनीच्या साथीने संगणकावर नूरी नस्तालिक आणले, तेव्हा त्यासाठी हजारो अक्षरजोड्या एकेक करून घडवाव्या लागल्या होत्या. इतक्या कष्टांनंतर एखादा नुक्ता सरकला तर मी समजू शकतो.

आणि आपले हात तरी कुठे स्वच्छ होते? लेखनाची सीडी मी पैसे देऊन घेतली, पण त्याच संगणकातले आणखी तीन प्रोग्राम मित्राच्या सीडीवरून उतरवलेले होते. आपल्या मोहल्ल्यात, शाळांत, छापखान्यांत हेच चालत होते. चोरून आणलेल्या मालाची तक्रार करायला तोंड राहत नाही. ज्याने कष्ट केले त्याचे पैसे बुडवायचे आणि वर माल पक्का हवा म्हणायचे, हे जमत नाही.

तेव्हा माझी तक्रार चुकीबद्दल नाही. चूक होणारच. तक्रार आहे ती चूक गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालण्याबद्दल. खोल्यांत विषारी वायू होता म्हणणे, २७,००० वर्षांचा हिशेब सांगणे, 'सर, तुमचीच पद्धत चुकते' म्हणणे, हे सगळे एकाच जातीचे आहे. कच्चे टाके घालायला हरकत नाही, पण ट्रायल आहे हे सांगा. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ बाजारात येण्याआधी त्याची अपुरी आवृत्ती १९.९५ डॉलरला लोकांना विकली. तपासणीच्या कामाचे पैसे तपासणाऱ्याकडूनच घेतले, यावर हसू येते. पण हे अजून तयार नाही, असे निदान सांगितले तरी होते. इंटरनेट घरोघरी पोहोचल्यावर तेही मागे पडले. आधी विका, मग दुरुस्त्या पाठवत राहा, ही रीतच झाली.

चुकीकडे पाहण्याची दुसरी रीतही त्याच जगात आहे. डोनाल्ड नूथ हे संगणकशास्त्राचे मोठे अभ्यासक. गणिताची पुस्तके सुंदर छापता यावीत म्हणून त्यांनी टेक्स नावाचा प्रोग्राम लिहिला आणि तो लोकांना विनामूल्य दिला. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवू लागले आणि टेक्समधल्या चुकांनाही त्यांनी बक्षीस ठेवले. रक्कम मोठी नाही. पण लोकांनी ते चेक बँकेत भरले नाहीत, चौकटीत लावून भिंतीवर ठेवले. चूक सापडली म्हणून कुणाची मान खाली गेली नाही, ना शोधणाऱ्याची, ना नूथ यांची.

बदली तासानंतर मी वर्गात एक कोरी वही टांगली आहे. पुस्तकात, गाईडमध्ये, माझ्या फळ्यावरच्या लिखाणात ज्याला चूक दिसेल त्याने पान क्रमांकासह ती त्यात लिहायची, खाली आपले नाव घालायचे. पहिली नोंद अर्थातच त्या मुलीची. दुसरी नोंद माझ्याबद्दल आहे. फळ्यावर मी एका मराठी शब्दाची वेलांटी चुकवली होती. लिहिणाऱ्या मुलाने आधी घाबरत विचारले, "सर, लिहू का?" मी म्हणालो, लिही. त्याने लिहिले आणि मी खाली सही केली.